पन्नासच्या आसपास

रात्रीच्या लग्नात लॉनच्या मागे जनरेटर धडधडत असला की मंडपातल्या हॅलोजनकडे बघून इंजिनाची तब्येत ओळखता येते. उजेड दोन तऱ्हेने हलतो. एक हलणं बारीक, भराभर, डोळ्याला टोचणारं. दुसरं संथ. दिवे दोन-तीन सेकंदांत चढतात, उतरतात, पुन्हा चढतात आणि त्यांच्यासोबत इंजिनाचा आवाजही वरखाली होतो. पाहुण्यांना दोन्ही सारखीच वाटतात. मिस्त्रीने मात्र ती वेगळी ओळखायलाच हवीत, कारण पहिलं दुखणं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या खात्यातलं आणि दुसरं गव्हर्नरच्या, म्हणजे वेग बघून डिझेल कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेच्या.

हा फरक नीट कळायला आपल्याकडचं जुनं लिस्टर टाइप इंजिन सगळ्यात बरं. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतल्या विहिरींवर आणि गावोगावच्या चक्क्यांवर अशी इंजिनं वर्षानुवर्षं चालली. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, मिनिटाला ६५० फेरे. दर दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल पेटतं, म्हणजे मिनिटाला ३२५ धक्के, सेकंदाला साधारण साडेपाच. पेटल्यावर अर्धा फेरा शाफ्टला जोर मिळतो आणि उरलेले दीड फेरे तो नुसता रेटत राहतो. ही उबड-खाबड सपाट करायला ती दोन मोठी चाकं असतात. चाक हलकं असेल आणि इंजिन पट्ट्यावरून अल्टरनेटर फिरवत असेल, तर दिवा सेकंदाला पाच-साडेपाच वेळा फडफडतो. १५०० फेऱ्यांच्या पीटर टाइप इंजिनात हीच फडफड सेकंदाला साडेबारावर जाते आणि तितकी जाणवत नाही. या फडफडीसाठी गव्हर्नरला हात लावून काही मिळत नाही.

फ्लायव्हीलला लोड कळत नाही, ही त्याची मर्यादा. चक्कीत दाणा संपला किंवा पंपाच्या फूटव्हॉल्व्हमधून हवा शिरून पाणी सुटलं, की इंजिनावरचा भार एकदम जातो. डिझेल पूर्वीइतकंच येत राहिलं तर वेग वाढतच जाणार. चाक दुप्पट जड केलं तर वाढायला दुप्पट वेळ लागेल, इतकंच. डिझेल किती जाऊ द्यायचं ते वेग बघून ठरवणारा कोणीतरी लागतो. तोच गव्हर्नर, आणि डिझेल इंजिनात तर तो लागतोच लागतो. पेट्रोल इंजिनात हवाच थ्रॉटलने अडवलेली असते, त्यामुळे ते स्वतःहून फार सुटत नाही. डिझेलमध्ये हवेची वाट मोकळी. पंपाची रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी सरकती पट्टी, भरपूर डिझेलच्या जागी अडकली आणि भार नसला, तर काही सेकंदांत इंजिन हाताबाहेर जातं.

गोल फिरणाऱ्या दोन वजनांनी वेग ओळखण्याची युक्ती जेम्स वॉटच्या नावावर सांगितली जाते, पण ती त्याच्या आधीची आहे. इंग्लंडमधल्या पवनचक्क्यांत जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर राखायला अशी वजनं वापरात होती. १७८८ मध्ये वॉटने ती वाफेच्या इंजिनाला लावली. शाफ्टला जोडलेली उभी दांडी, तिला दोन हात, हातांच्या टोकाला गोळे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, दांडीवरची सरकती नळी, म्हणजे स्लीव्ह, वर सरकते आणि वाफेचा व्हॉल्व्ह आवळला जातो. वेग पडला की उलट. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही.

दिसायला देखणं, पण याचं गणित फार उदार नाही. गोळ्यांच्या पातळीपासून हातांच्या सांध्यापर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजली तर ती ८९५ भागिले फेऱ्यांचा वर्ग इतकी येते. ६० फेऱ्यांना उंची जवळजवळ २५ सेंटिमीटर. ६० चे ६१ झाले की ती ८ मिलिमीटरने कमी होते, आणि एवढ्या हालचालीवर व्हॉल्व्ह आरामात फिरतो. ३०० फेऱ्यांना मात्र उंची उरते जेमतेम १ सेंटिमीटर, आणि ३०० चे ३०१ झाल्यावर फरक पडतो ०.०७ मिलिमीटरपेक्षाही कमी. कागदाच्या जाडीपेक्षा लहान हालचालीने काय हलवणार? गोळ्यांचं वजन वाढवूनही उंची बदलत नाही, कारण गोळ्याचं वजन या सूत्रात येतच नाही. म्हणून वॉटचा गव्हर्नर संथ इंजिनांपुरताच राहिला.

१८५८ मध्ये चार्ल्स पोर्टर या अमेरिकन माणसाने स्लीव्हवर एक जड वजन बसवलं. गोळे प्रत्येकी २ किलो आणि मधलं वजन २० किलो धरलं तर उंची ११ पट होते. ३०० फेऱ्यांना १ सेंटिमीटरऐवजी ११, आणि एका फेऱ्याच्या फरकाला पाऊण मिलिमीटर. नागपुरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत थिअरी ऑफ मशिन्सच्या लॅबमध्ये वॉट, पोर्टर, प्रोएल, हार्टनेल असे सगळे एकाच स्टँडवर आळीपाळीने लावून मुलं वेग आणि स्लीव्हची उंची यांचा आलेख काढतात. हा आलेख बहुतेकांच्या जर्नलमध्ये सुबक असतो. त्याच आलेखाचा उतार पुढे जनरेटरवर भेटतो, हे मात्र तिथे क्वचित कोणी सांगतं.

त्या उताराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

गव्हर्नर वेग स्थिर ठेवतो असं आपण म्हणतो. साधा यांत्रिक गव्हर्नर तसं करत नाही, करूही शकत नाही. भार वाढला म्हणजे जास्त डिझेल हवं. जास्त डिझेलसाठी रॅक पुढे सरकली पाहिजे. रॅक सरकायची तर वजनं आत आली पाहिजेत, आणि वजनं आत येतील ती वेग कमी झाला तरच. म्हणजे पूर्ण भाराचा वेग बिनभाराच्या वेगापेक्षा कमी असणं हीच त्या यंत्राची भाषा. या फरकाला ड्रूप म्हणतात. रिकाम्या जनरेटरचे १५६० फेरे आणि पूर्ण भाराला १५००, तर ड्रूप ४ टक्के. चार पोलच्या अल्टरनेटरला १५०० म्हणजे ५० हर्ट्झ आणि १५६० म्हणजे ५२. म्हणून जनरेटर रिकामा असताना मीटरवर ५२ दिसलं तर घाबरून स्क्रू फिरवू नये. रिकाम्यावर बरोबर ५० लावून ठेवलं तर भार पडल्यावर ते ४८ वर येईल, आणि मग कूलरच्या मोटरी तापू लागतील.

हा ड्रूप शून्यावर आणता येतो का? कागदावर येतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या हार्टनेलच्या गव्हर्नरमध्ये तर फार सोप्या रीतीने येतो, स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण वाढवत नेला की झालं. वजनं बाहेर जाताना त्यांना आत ओढणारा जोर हा त्यांच्या केंद्रापासूनच्या अंतरापेक्षा जास्त प्रमाणात वाढत असेल, तर प्रत्येक वेगाला वजनांची एकच ठरलेली जागा असते. जोर अगदी अंतराच्या प्रमाणात वाढू लागला की वजनांना सगळ्याच जागा सारख्या. ठरलेल्या वेगाच्या केसभर वर गेलं की ती थेट बाहेरच्या टोकाला, केसभर खाली आलं की थेट आतल्या. ताण त्याहूनही वाढवला तर वेग आणि वजनांची जागा यांचं नातं उलटं होतं आणि यंत्र साफ बेभरवशाचं होतं. एवढी थिअरी हाताशी असली की आपल्याकडच्या एका रोजच्या संवादाचा अर्थ लागतो. ‘पाणी कमी येऊन राहिलं, थोडी रेस वाढवून दे ना भाऊ.’ मिस्त्री स्प्रिंग दोन आटे आवळतो. वेग वाढतो, पाणी वाढतं, आणि चार दिवसांनी तक्रार येते, ‘इंजिन हंटिंग मारून राहिलं.’ दोन्ही गोष्टी त्याच दोन आट्यांनी केलेल्या असतात.

हंटिंग म्हणजे दिव्यांचं ते संथ चढणं-उतरणं. भार थोडा कमी झाला, वेग वाढला, वजनं बाहेर गेली, डिझेल तोडलं. पण तोडलेल्या डिझेलचा परिणाम शाफ्टवर दिसेपर्यंत वेळ जातो, कारण पुढचा पेटता स्ट्रोक यायचा असतो आणि चाकात साठलेली ऊर्जा उतरायची असते. तोवर गव्हर्नरने गरजेपेक्षा जास्त तोडलेलं असतं. वेग खाली जातो, मग तो गरजेपेक्षा जास्त देतो. नवशिका ड्रायव्हर जसा आधी उजवीकडे जास्त आणि मग डावीकडे जास्त स्टिअरिंग मारतो, तसं हे चालू राहतं. १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरवर एक निबंध मांडला. असे झोके आपोआप विरतील की वाढत जातील, हे समीकरणाच्या मुळांवरून आधीच ओळखता येतं, असं त्यात दाखवलं होतं. आज रोबोटपासून रॉकेटपर्यंत जे नियंत्रणशास्त्र चालतं, त्याची सुरुवात सांगताना या निबंधाचा उल्लेख होतोच. मॅक्सवेलला मात्र प्रश्न पडला होता तो फिरणाऱ्या गोळ्यांचा.

झोके येण्याचं दुसरं कारण घर्षण, आणि वर्कशॉपमध्ये खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच निघतो. वरचंच पोर्टरचं उदाहरण घेऊ. गोळा २ किलो, मधलं वजन २० किलो, वेग ३००. स्लीव्हवर फक्त ५ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाएवढी अडकण असली, तर वेग ३०३.५ पर्यंत चढल्याशिवाय स्लीव्ह वर जाणार नाही आणि २९६.५ पर्यंत पडल्याशिवाय खाली येणार नाही. मधल्या ७ फेऱ्यांत गव्हर्नर आंधळा. हेच प्रमाण १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला लावलं तर ३५ फेरे होतात, हर्ट्झमध्ये १ च्या वर. अडकलेला भाग सुटतो तोही झटक्याने सुटतो, आणि झटका लागला की झोका सुरू होतो.

म्हणून हंट करणारं इंजिन समोर आलं की पाना आधी स्प्रिंगकडे जाऊ नये. क्रम असा ठेवावा.

पहिल्यांदा डिझेल. टाकी, गाळणी, पाइप. एअर पकडलेलं इंजिनही वरखाली होतं आणि ते हंटिंगसारखंच ऐकू येतं, फक्त त्याला ठेका नसतो. फ्यूल पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा, बुडबुडे थांबून सलग धार लागली की प्रायमर दाबूनच स्क्रू आवळावा. फिल्टर तुंबलेला असेल तर भार वाढल्यावरच वेग पडतो आणि बिनभाराला सगळं ठीक दिसतं. एअर क्लीनरही याच वेळी बघून घ्यावा. आपल्याकडे मार्च ते जून धुळीचेच महिने असतात.

मग इंजिन बंद करून रॅक. गव्हर्नरकडून येणारी कडी सोडवावी आणि रॅक एका बोटाने पुढे-मागे करून बघावी. पूर्ण मार्गात कुठेही न अडखळता ती सरकली पाहिजे. अडखळत असेल तर कारणं ठरलेली. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं आणि प्लंजर गंजला, किंवा महिनोनमहिने उभ्या इंजिनात डिझेल सुकून चिकट झालं, किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर कोणीतरी अंगातला सगळा जोर लावून आवळला. हे शेवटचं फार दिसतं. होल्डर जास्त आवळला की आतला बॅरल किंचित दबतो आणि प्लंजर जड फिरतो. टॉर्क रेंच वापरून होल्डर कंपनीने सांगितलेल्या मापाला बसवला की कित्येकदा दुखणं तिथेच संपतं.

रॅक मोकळी असेल तर कड्या आणि सांधे. इथे उलटा दोष शोधायचा, अडकण नव्हे तर खेळ. बॉल जॉइंटमध्ये मिलिमीटरभर ढिलेपणा आला तर तेवढ्या अंतरात वजनं हलतात आणि रॅक जागेवर राहते. परिणाम घर्षणासारखाच. त्यानंतर झाकण उघडून वजनांच्या पिना, बुश आणि वजनाची जी टाच थ्रस्ट बेअरिंगवर टेकते ती बघावी. टाचेवर चपटा घासा पडला असेल तर वजन त्या जागी थबकतं. दोन्ही वजनं सारख्याच मोकळेपणी उघडली पाहिजेत. एकच वजन बदलणं हा फसवा काटकसरीपणा, जोडीच बदलावी.

स्प्रिंगचा नंबर यानंतर. लिव्हरवर स्प्रिंग अडकवायला दोन-तीन भोकं असतील तर सोडण्याआधी खूण करून ठेवावी. टेकूजवळच्या भोकात स्प्रिंग लावली की ड्रूप कमी होतो आणि गव्हर्नर चटपटीत होतो, टेकूपासून लांबच्या भोकात ड्रूप वाढतो आणि तो शांत होतो. भोक बदललं की वेग पुन्हा लावावा लागतो. काही पंपांवर बिनभाराचे झोके मारायला एक बफर स्क्रू असतो. तो रॅकला हलकेच टेकवायचा असतो, ढकलायचा नसतो. तो आत घेतल्यावर बिनभाराचा वेग दहा-पंधरा फेऱ्यांहून जास्त वाढला तर स्क्रू मर्यादेबाहेर गेला समजावं, कारण आता भार गेल्यावर डिझेल पूर्ण तुटणारच नाही.

शेवटी वेग लावणं. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करावं. टॅकोमीटर नसेल तर अल्टरनेटरवरचा फ्रीक्वेन्सी मीटर पुरतो. बिनभाराला ५२ हर्ट्झ ठेवावं आणि पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असा भार चढवावा. प्रत्येक पायरीवर वेग एक डुबकी मारेल, एखाद-दुसरा झोका घेऊन स्थिर होईल. तीन-चारपेक्षा जास्त झोके घेत असेल तर ड्रूप वाढवायचा. पूर्ण भाराला ५० च्या फार खाली जात असेल आणि धूर काळा असेल, तर गव्हर्नरचं काही बिघडलेलं नाही, इंजिनाची ताकदच तेवढी आहे. जास्तीत जास्त डिझेलची हद्द ठरवणाऱ्या मॅक्झिमम स्क्रूचं सील तोडून ती वाढत नसते.

नागपूरचं हवामान यात आपली एक भर घालतं. जिथे झोके मारायला तेलाचा डॅशपॉट, म्हणजे तेलातून हालचाल मंद करणारी डबी असते, तिथे तेलाचा दाटपणा हाच गव्हर्नरचा संयम. जानेवारीच्या पहाटे इथे पारा दहाच्या खाली जातो आणि मेच्या दुपारी ४५ ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाशेजारी तो किती असेल ते विचारू नका. थंडीत तेलाची वाट कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह लावून शांत केलेला गव्हर्नर उन्हाळ्यात पातळ तेलावर झोके घेऊ लागतो, उन्हाळ्यात लावलेला थंडीत सुस्त होतो. मापाचं तेल, आणि नीडल इंजिन पूर्ण गरम असतानाच लावणं, एवढं केलं तर दोन्ही ऋतू निघतात.

‘रेस वाढवून दे’ या मागणीकडे परत येतो, कारण तिच्यात धोका आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाचं पाणी वेगाच्या प्रमाणात वाढतं, पण त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के वाढवला तर पाणी फार तर १० टक्के वाढेल, ताकद मात्र ३३ टक्के जास्त लागेल. डिझेलचा हिशेब ज्याचा त्याने करावा. चाकाचा हिशेब त्याहून गंभीर आहे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा काठ ६५० फेऱ्यांना सेकंदाला २० मीटर धावतो. कास्ट आयर्नच्या काठासाठी सेकंदाला ३० मीटरच्या आसपासची मर्यादा पूर्वापार पाळली जाते, आणि १००० फेऱ्यांना काठ ती ओलांडतो. काठावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. बिडाचं चाक फुटतं तेव्हा आधी वाकून सूचना देत नाही.

इंजिन सुटलंच तर डिझेल बंद करून ते थांबेल याची खात्री नाही. रिंगा झिजलेल्या इंजिनात ते ऑइल संपचं तेल ओढून त्यावरच पळत असू शकतं. अशा वेळी हवा बंद करणं हा उपाय. एअर क्लीनर काढून इनलेटवर जाड फळी दाबावी. हात लावू नये, आणि चिंधी तर अजिबात नको, ती आत ओढली जाते. चाकांच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

आता हाच ड्रूप मोठ्या मापात बघू. नागपुरातून उत्तरेला निघालं की कोराडीच्या चिमण्या दिसतात. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यांच्या टर्बाइनचा वेग ३००० फेरे. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिण ग्रिड बाकी देशाशी जोडली गेली, आणि तेव्हापासून कोराडीचा शाफ्ट आणि तमिळनाडूतल्या एखाद्या टर्बाइनचा शाफ्ट एकाच वेगाने बांधलेले आहेत. मे २०२४ मध्ये देशाची मागणी २५० गिगावॅटला पोचली. एवढ्या सगळ्यात भार कोणी किती उचलायचा हे पहिल्या काही सेकंदांत कोणताही अधिकारी फोनवरून ठरवत नाही. ते ड्रूप ठरवतो. ५ टक्के ड्रूप म्हणजे ५० चे अडीच हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी ०.१ ने पडली तर प्रत्येक संच आपल्या क्षमतेच्या ४ टक्के जास्त देऊ पाहतो, म्हणजे ६६० चा संच साधारण २६ मेगावॅट. लहान संच लहान वाटा, मोठा संच मोठा वाटा, आणि आपसात एक शब्दही नाही. आपल्या ग्रिड कोडने ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरवला आहे. घरातल्या मीटरवर पन्नासच्या आसपास घुटमळणारा तो आकडा म्हणजे या वाटणीचा चालू हिशेब.

सगळ्यांचा ड्रूप शून्य असता तर? मग भाराची वाटणी ठरवायला काही उरलंच नसतं. दोन संच एकमेकांशी भांडले असते, एकाने सगळा भार घेतला असता आणि दुसरा रिकामा पडला असता. हे बघायला कोराडीपर्यंत जायला नको, एखाद्या हॉलमागे दोन जनरेटर पॅरलल लावून बघता येतं. दोन्ही १०० किलोवॅटचे, पूर्ण भाराला दोन्ही ५० वर, पण एकाचा ड्रूप ३ टक्के आणि दुसऱ्याचा ५. एकूण भार १२० असेल तर फ्रीक्वेन्सी ५०.७५ वर बसते, पहिला ५० उचलतो, दुसरा ७०. भार ४० वर आला की ५१.५ ला पहिला पूर्ण रिकामा आणि दुसरा एकटा ओढतोय. भार ४० च्याही खाली गेला की दुसरा जनरेटर पहिल्याला मोटर करून फिरवू लागतो, आणि उलट शिरणारी वीज ओळखून जनरेटर सोडवणारा रिव्हर्स पॉवर रिले नसेल तर डिझेल जाळून इंजिन फिरवण्याचा हा अजब खेळ कोणाच्या लक्षातही येत नाही. पॅरलल लावायचे तर आधी दोन्हींचा ड्रूप सारखा करावा.

पाण्यावरच्या टर्बाइनची अडचण निराळी. पेंच नदीवर तोतलाडोहला ८० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा ठिकाणी जास्त वीज हवी म्हणून गेट उघडलं की पहिल्या क्षणी वीज कमी होते. पाइपातला पाण्याचा लांबलचक खांब एकदम वेग घेत नाही, गेटपाशी दाब पडतो, मग पाणी पळू लागतं. चटपटीत गव्हर्नर हे बघून गेट आणखी उघडेल आणि सगळं बिघडवेल. म्हणून हायड्रोच्या गव्हर्नरला तात्पुरता मोठा ड्रूप देतात, तो डॅशपॉटमधून हळूहळू ओसरतो. गेट झटकन बंदही करता येत नाही, पाण्याचा हातोडा पाइप फोडू शकतो.

वाफेच्या टर्बाइनला घाई असते. पूर्ण भारावर असताना ब्रेकर उडाला आणि व्हॉल्व्ह उघडेच राहिले, तर वेग सेकंदाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. म्हणून गव्हर्नरवर विश्वास न ठेवणारं दुसरं एक साधं यंत्र शाफ्टमध्ये बसवण्याची पद्धत आहे. आडव्या भोकात एक बोल्ट, त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यापासून किंचित बाजूला, आणि त्याला आत धरणारी स्प्रिंग. ३३०० च्या आसपास बोल्ट स्प्रिंगला हरवून बाहेर उडी मारतो, ट्रिप लिव्हरवर आपटतो आणि वाफ बंद. इथे मुद्दाम अस्थिर रचना हवी असते. बाहेर निघाला की तो निघालाच पाहिजे, अर्ध्यावर थांबायचा नाही. लिफ्टच्या उभ्या मार्गाच्या वरचा गव्हर्नरही याच जातीचा. वेग ठरलेल्यापेक्षा १५ टक्के किंवा अधिक वाढला की तो दोर पकडतो आणि पिंजऱ्याखालचे जबडे रुळाला चावतात.

ग्रामोफोनचा गव्हर्नर मात्र या सगळ्यांत गोड. पातळ पोलादी पट्ट्यांवर तीन छोटी वजनं, ती फाकली की एक चकती सरकून फेल्टच्या तुकड्याला घासते. ऊर्जा तोडायची सोय नाही, जास्तीची ऊर्जा घासून घालवायची. फेल्ट सुकला की तबकडी थरथरते. तेलाचा एक थेंब फेल्टला द्यायचा, चकतीला नाही. वेग तपासायला ७७ रेघांची चकती ट्यूबलाइटखाली ठेवतात. आपल्या ५० हर्ट्झला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून ७७.९२ फेऱ्यांना रेघा उभ्या दिसतात. ट्यूबलाइट जुन्या चोकवालीच हवी, एलईडीखाली बहुतेकदा काही दिसत नाही.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या नव्या जनरेटरवर आता फिरती वजनं सापडत नाहीत. फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर दाते मोजणारा चुंबकीय पिकअप, एक कंट्रोलर आणि रॅक हलवणारा ॲक्च्युएटर. ११८ दात्यांचं चाक १५०० ला सेकंदाला २९५० ठोके देतं, म्हणजे वेगाची खबर वजनांपेक्षा कितीतरी लवकर मिळते, आणि ड्रूप शून्य ठेवूनही झोके येत नाहीत. पॅरलल चालवायचे असतील तर त्यालाही ड्रूप किंवा लोड शेअरिंगची तार द्यावीच लागते. पिकअप बसवताना दाता बरोबर समोर आणून हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा आणि अर्धा वळसा मागे फिरवून लॉकनट लावावी. अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतं. दोन दात्यांच्या खाचेत टेकवला तर पहिल्याच फेऱ्याला त्याचं टोक जातं. लोखंडी बुरादा चिकटला की ठोके चुकतात आणि अगदी जुन्या पद्धतीचं हंटिंग सुरू होतं, तेव्हा कंट्रोलरचे गेन, म्हणजे तो किती जोराने प्रतिसाद देतो त्या सेटिंग, फिरवण्याआधी पिकअप काढून पुसावा.

आणि एक तपासणी वर्षातून एकदा करायचीच. बिनभाराला इंजिन चालू असताना पिकअपची तार काढावी. ठोके बंद झाले की कंट्रोलरने वेग शून्य समजून डिझेल वाढवायला नको, तोडायला हवं, आणि इंजिन बंद पडायला हवं. ही तपासणी करताना दुसऱ्या माणसाचा हात स्टॉप लिव्हरवर असू द्यावा.